लसणाच्या लागवडीचा काळ : पुणे परिसरातील एका कालनिर्णयाचा विचार

पुणे शहराच्या आसपासच्या मळ्यांत आणि घरोघरच्या परसबागांत लसूण केव्हा लावावा, या प्रश्नाचे उत्तर कोणताही जाणता माळी एका वाक्यात देईल : पाऊस उघडून जमीन वाफशावर आली की लावावा, आणि थंडी पुरती पडण्याच्या आत तो रुजलेला असावा. इंग्रजी महिन्यांत सांगावयाचे तर हा काळ ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतचा होय. एवढ्यावरच भागले असते तर हा विषय कृषिविद्येच्या पाठ्यपुस्तकाकडे सोपवून इतिहासाच्या अभ्यासकाने स्वस्थ बसावयास हरकत नव्हती. परंतु हा काळ ठरला कसा, तो कोणत्या पंचांगाने सांगितला जात असे, आणि जुन्या ग्रंथांतील व कागदांतील लसणाच्या उल्लेखांवरून त्याविषयी काय व कितपत अनुमान करता येते, हे प्रश्न निव्वळ शेतीचे नाहीत. ते कालगणनेचे आणि साधनचिकित्सेचे प्रश्न आहेत.

या बाबतीत एक उपपत्ती वारंवार ऐकू येते. महाराष्ट्रातील अनेक घरांत चातुर्मासात कांदा व लसूण वर्ज्य असतात. आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, ते मनसोक्त खाऊन घ्यावयाचे आणि आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत त्यांना रजा द्यावयाची, हा परिपाठ सर्वांच्या परिचयाचा आहे. लसणाची लावणीही कार्तिकाच्याच आगेमागे होते. तेव्हा व्रत सुटले, मागणी सुरू झाली, म्हणून लागवड सुरू झाली. किंवा याच्या उलट, लावणीसाठी बियाणे शिल्लक राहावे म्हणून चार महिन्यांचा निषेध घातला गेला, असा कार्यकारणभाव जोडला जातो. दोन्ही विधाने ऐकावयास मोठी गोड आहेत. पण ती तपासून पाहिली असता टिकत नाहीत, असे आमचे मत आहे. आणि ती का टिकत नाहीत हे पाहताना या पिकाच्या इतिहासाची खरी साधने कोणती, हेही आपोआप स्पष्ट होते.

प्रथम पिकाचा स्वभाव ध्यानात घेतला पाहिजे. लसणाला बी म्हणून पाकळी लावतात. गड्डा फोडून त्यातील बाहेरच्या अंगाच्या ठसठशीत पाकळ्या निवडावयाच्या, आतल्या बारीक पाकळ्या स्वयंपाकघराकडे पाठवावयाच्या, आणि निवडलेल्या पाकळ्या टोक वर ठेवून चार-पाच बोटांच्या अंतराने वाफ्यात खोचावयाच्या, ही रीत सर्वत्र सारखीच आहे. रुजल्यानंतर पहिले दोन महिने या रोपाला गार हवा लागते. त्या काळात ते पाने वाढवते. पुढे दिवस मोठा होऊ लागला आणि उष्णमान चढू लागले की पानांची वाढ थांबून जमिनीत गड्डा भरू लागतो. म्हणजे गड्डा केवढा होणार हे उन्हाळा येण्याच्या आत रोपाने किती पाने धरली यावर अवलंबून असते. पुण्यास रात्रीचे किमान उष्णमान ऑक्टोबरात सुमारे १९ अंश सेल्सिअस असते, ते डिसेंबर-जानेवारीत १२ अंशांच्या आसपास उतरते; मार्चमध्ये दुपारचे उष्णमान ३५ अंशांच्या वर जाते. या दोन टोकांमध्ये सव्वाचार-साडेचार महिन्यांची एक फट आहे आणि लसणाचे पीकही तेवढ्याच मुदतीचे आहे. डिसेंबरात लावलेला लसूण उगवतो, हिरवागार दिसतो, पण मार्चचे ऊन लागताच पाने पिवळी पडून सुपारीएवढा गड्डा हाती येतो. उलटपक्षी, भाद्रपदात घाई केली तर परतीच्या पावसात पाकळी कुजते, नाहीतर रोपावर करपा पडतो.

हवामानाखेरीज आणखी दोन गोष्टी या काळाला जखडून ठेवतात, आणि इतिहासाच्या दृष्टीने त्याच अधिक महत्त्वाच्या आहेत. पहिली पाण्याची. लसणाची मुळे उथळ असतात; त्याला थोडे थोडे पण वरचेवर पाणी द्यावे लागते. मोटेच्या काळात याचा अर्थ असा की आठवड्याला एखादी पाळी बैलांनी धाव चालून पुरी केलीच पाहिजे. आश्विनात विहिरी काठोकाठ असतात आणि फाल्गुनात त्यांचा तळ दिसू लागतो. कार्तिकात लावलेला लसूण फाल्गुनात निघतो, म्हणजे विहीर आटण्याच्या बेतात असताना पीक घरात येते. महिनाभर उशीर करणारा माळी उन्हाशी आणि विहिरीशी अशा दोन आघाड्यांवर एकाच वेळी हरतो. दुसरी गोष्ट मनुष्यबळाची. पुण्याच्या पूर्वेकडील पट्ट्यात रब्बी ज्वारीची पेरणी हस्ताच्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या भाषेत 'हत्ती'च्या, पावसावर होते. ती उरकेपर्यंत बैल पाभरीला जुंपलेले. बाजरीची कापणी-मळणीही त्याच सुमारास. ही कामे हातावेगळी झाल्याशिवाय मोटेला बैल मिळत नाहीत आणि पाकळ्या फोडावयास व लावावयास बायका मिळत नाहीत. लसणाची लावण हे बोटांचे काम आहे, आणि ते बहुतांशी स्त्रियांचे राहिले आहे.

पाणी आणि श्रम यांचा हिशेब करून हिवाळी पीक धरावे, हा विचार काही नवा नव्हे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणातील सीताध्यक्षाच्या प्रकरणात, हाताशी किती काम करणारे आहेत आणि किती पाणी आहे हे पाहून हेमंतातले की ग्रीष्मातले पीक करावयाचे ते ठरवावे असे सांगितले आहे, आणि त्याच ठिकाणी विहिरीलगतची जमीन भाज्या व कंदमुळे यांना योग्य म्हणून नेमून दिली आहे. लसणाचे नाव तेथे घेण्याची गरजही नव्हती. विहिरीच्या काठचा भाजीचा वाफा हे त्याचे स्थान त्या एका वाक्यात आलेच. पाली विनयपिटकात भिक्षुणींसाठी लसूण निषिद्ध करणारा नियम आहे. त्याच्या प्रास्ताविक कथेत एक उपासक भिक्षुणींना लसूण देऊ करतो, त्या थेट त्याच्या शेतावर जातात, आणि थुल्लनंदा नावाची भिक्षुणी राखणदाराला न जुमानता मनमुराद लसूण उपटून नेते. नियमाचे स्पष्टीकरण करताना लसूण म्हणजे मगधातला लसूण असेही तेथे म्हटले आहे. निषेधाच्या या कथेतून आपल्याला मिळते ते असे की त्या काळी लसणाची राखण करण्याजोगी स्वतंत्र शेते होती आणि प्रदेशाच्या नावाने ओळखली जाणारी जातही होती. निषेधाच्या वचनांचा खरा उपयोग इतिहासकाराला असा तिरकस होतो. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांना लसूण वर्ज्य सांगितला आहे. जे कोणी पिकवीत नाही आणि कोणी खात नाही, त्याची मनाई करण्यास स्मृतिकार श्रम घेत नसतात.

वैद्यकग्रंथांचा सूर निराळा आहे. त्यांना लसूण हे रसायन वाटते. १८९० साली मध्य आशियातील कुचाजवळ सापडलेल्या आणि पुढे हॉर्न्ले यांनी संपादिलेल्या बॉवर हस्तलिखिताचा आरंभच लशुनकल्पाने होतो. काश्यपसंहितेतही लशुनकल्प नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे. बॉवर हस्तलिखितात ब्राह्मणासाठी एक पळवाटही काढून दिली आहे : गाईला काही दिवस गवत न देता लसणाची पात मिसळलेला चारा घालावा आणि तिचे दूध प्यावे. (धर्मशास्त्र आणि वैद्यक यांच्या भांडणात मध्यस्थी करण्याचे काम बिचाऱ्या गाईकडे आले, याची नोंद करून पुढे जावे.) परंतु आमच्या प्रश्नाला अधिक जवळचे वचन वाग्भटाच्या अष्टांगहृदयात आहे. उत्तरस्थानाच्या ३९ व्या, म्हणजे रसायनाच्या, अध्यायात लसूण मुख्यतः थंडीच्या दिवसांत सेवन करावा असे सांगून पुढे त्याचे कंद कोणते घ्यावेत हे दिले आहे : वसंताच्या अखेरीचे, हिमालयाच्या किंवा शकांच्या देशात उपजलेले.

या वचनाकडे कालनिर्णयाच्या दृष्टीने पाहावे. वसंताचा अंत म्हणजे चैत्र उलटून वैशाख. कंद त्या वेळी तयार होतो असे ग्रंथकार धरून चालतो, आणि त्याचा प्रदेशही तो स्वतःच सांगतो : उत्तरेकडचा, थंड, लांब हिवाळ्याचा. तेथे आश्विनात लावलेली पाकळी हिवाळाभर मंदगतीने वाढून वैशाखापर्यंत जमिनीत राहू शकते. पुण्यास तोच कंद फाल्गुनात उपटावा लागतो. वैशाखापर्यंत ठेवला तर गड्डा फुटून पाकळ्या विखुरतात. म्हणजे लावणीचा काळ उत्तरेत आणि दक्षिणेत जवळजवळ एकच असूनही काढणीत दोन महिन्यांचे अंतर पडते. संस्कृत ग्रंथातील ऋतुनिर्देश महाराष्ट्राला जसाच्या तसा लावून त्यावरून उलट मोजणी करणारा अभ्यासक लावणी पौषात नेऊन ठेवील, आणि पौषात लावलेल्या लसणाची पुण्यात काय गत होते ते वर सांगितलेच आहे.

मराठी साधनांकडे वळल्यावर पहिले नाव सावता माळ्याचे येते. सोलापूर जिल्ह्यातील अरण येथील या संतकवीचा समाधिकाल शके १२१७, म्हणजे इ. स. १२९५ हा मानला जातो. भाजीच्या मळ्यातच विठ्ठल पाहणारा त्याचा अभंग सर्वश्रुत आहे. त्यात कांदा, मुळा, लसूण, मिरची व कोथिंबीर ही नावे येतात आणि पुढे मोट, दोर, विहीर यांचाही निर्देश येतो. या अभंगाचा विचार आजवर भक्तीच्या अंगाने पुष्कळ झाला आहे. बागाईतीचे साधन म्हणून तो वाचला तर दोन गोष्टी ध्यानात येतात.

पहिली अशी की यादीतील कांदा, मुळा, लसूण व कोथिंबीर या चारही भाज्या आपल्याकडे गार हवेत उत्तम येणाऱ्या आहेत. भेंडी, कारली, दोडकी, गवार ही पावसाळ्यातील मंडळी यादीत नाहीत. सोबत मोट आहे, म्हणजे पाणी उपसून द्यावे लागण्याचे दिवस आहेत. हे चित्र कार्तिक ते माघ या काळातील मळ्याचे आहे असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. कवीला ऋतुवर्णन करावयाचे नव्हते, म्हणूनच ही साक्ष मोलाची. त्याच्या डोळ्यांसमोर वाफे होते ते हिवाळ्याचे होते. दुसरी गोष्ट मात्र अभ्यासकाला सावध करणारी आहे. मिरची ही अमेरिका खंडातील वनस्पती. ती पोर्तुगीजांच्या मार्फत सोळाव्या शतकात हिंदुस्थानात आली. तेराव्या शतकातील माळ्याच्या मळ्यात ती असणे शक्य नाही. तेव्हा हा अभंग आज ज्या रूपात म्हटला जातो ते रूप निदान त्या ठिकाणी नंतरचे आहे, किंवा मुळात दुसऱ्या कोणत्या तरी पदार्थाचे नाव होते आणि गाणाऱ्यांच्या तोंडी ते बदलले, असे मानावे लागते. मौखिक परंपरेत जुने नाव काढून आपल्या रोजच्या वाफ्यातील नाव घालणे यात गाणाऱ्याला काही वावगे वाटत नाही. एका शब्दावरून सगळा अभंग अप्रमाण ठरवण्याची घाई करू नये. पण तो तेराव्या शतकातील पिकांची यादी म्हणून जसाच्या तसा उद्धृत करण्याची घाईही करू नये. लसणाचे तेथील स्थान मिरचीमुळे डळमळत नाही, कारण लसूण मिरचीच्या कितीतरी आधीपासून या देशात आहे.

आता चातुर्मासाच्या उपपत्तीकडे येऊ. तिची परीक्षा अगदी साध्या गणिताने होते. चांद्रमास आणि सौरवर्ष यांचा मेळ अधिक महिन्याने घातला जात असल्यामुळे एकच तिथी ऋतूच्या मानाने मागेपुढे सरकते. २०१७ साली कार्तिकी एकादशी ३१ ऑक्टोबरला आली. २०२० साली अधिक आश्विन होता, चातुर्मास पाच महिन्यांचा झाला, आणि पंढरपूरला कार्तिकी एकादशी २६ नोव्हेंबरला झाली. दोहोंत २६ दिवसांचे अंतर आहे. लसणाची फटच मुळी महिन्याभराची. लावणी जर एकादशीशी बांधलेली असती तर दर दोन-तीन वर्षांनी ती नोव्हेंबरच्या अखेरीस जाऊन पीक बुडाले असते. माळी एवढा नुकसानीचा सौदा पिढ्यान्‌पिढ्या करीत राहील, हे संभवत नाही. बियाणे राखण्यासाठी निषेध आला, हे दुसरे विधानही असेच पोकळ आहे. फाल्गुनात काढून, वाळवून, पातीच्या वेण्या घालून आढ्याला टांगलेला लसूण पावसाळ्याच्या दमट हवेत हलका पडतो, कोंब धरतो, आणि आश्विनापर्यंत चांगल्या पाकळ्या निवडून काढाव्या लागतात, हे खरे. परंतु बियाणे राखणारे घर आणि चातुर्मास पाळणारे घर ही नेहमी एकच नव्हती, आणि धर्मशास्त्राने लसणाला दिलेला नकार चार महिन्यांपुरता नसून द्विजांसाठी बारमाही होता. चातुर्मास हा त्या नकाराचा सौम्य, लोकव्यवहारात मुरलेला अवशेष म्हणता येईल. त्याचा काळ लावणीच्या काळाशेजारी येतो याचे कारण दोहोंनाही पावसाळ्याची चौकट आहे. एकाने दुसऱ्याला जन्म दिलेला नाही.

माळ्याचे खरे पंचांग नक्षत्रांचे होते व बऱ्याच अंशी आजही आहे. सूर्य ज्या नक्षत्रात असेल त्यावरून मृग, आर्द्रा, पुनर्वसू असे पावसाचे दिवस मोजण्याची ही रीत सौर असल्यामुळे ऋतूशी घट्ट जुळलेली राहते. हल्लीच्या मानाने चित्रा १० ऑक्टोबरच्या सुमारास लागते, स्वाती २४ ऑक्टोबरच्या सुमारास, विशाखा ६ नोव्हेंबरच्या सुमारास. लसणाचा काळ या भाषेत सांगावयाचा तर चित्रा-स्वातीत लावावा आणि विशाखा अर्धी जाण्याच्या आत आटोपावा असा सांगता येईल. या पद्धतीतही एक सूक्ष्म दोष आहे आणि अभ्यासकाने तो विसरू नये. पंचांगातील निरयन वर्ष ऋतुवर्षापेक्षा किंचित मोठे असल्यामुळे नक्षत्रप्रवेश साठ-सत्तर वर्षांत सुमारे एका दिवसाने ऋतूच्या पुढे जातो. माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीपासून आजपर्यंत हे अंतर साधारण चार दिवसांचे झाले, ते सोडून देता येईल. सावता माळ्याच्या काळापासून मोजले तर मात्र ते दहा-बारा दिवसांवर जाते, म्हणजे जवळजवळ एक नक्षत्र. तेराव्या शतकातल्या माळ्याची स्वाती आणि आपली चित्रा यांचे हवामान बहुतेक एकच. जुन्या कृषिविषयक म्हणींवरून हवामानबदलाचे सिद्धांत मांडणाऱ्यांनी आधी ही वजाबाकी करून पाहावी.

पेशवेकालीन कागदांचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तर वापरणाऱ्या विद्यार्थ्याला ठाऊक असते की तेथील सुहूर सनाचा आरंभ सूर्याच्या मृगप्रवेशाने होतो. म्हणूनच त्याला मृगसाल म्हणतात. वर्ष शेतकऱ्याचे, पण त्याच्या पोटातील महिने मोहरम, सफर, रजब असे शुद्ध चांद्र. त्यांत अधिक महिना नसल्यामुळे ते दरसाल सुमारे ११ दिवसांनी मागे येतात आणि तेहतीस वर्षांत ऋतुचक्राची एक फेरी पुरी करतात. एका साली रजब कार्तिकात पडला, तर दहा वर्षांनी तोच रजब आषाढ-श्रावणात पडतो. तेव्हा बागेच्या खर्चाच्या एखाद्या नोंदीवर नुसते महिन्याचे नाव पाहून ऋतू ठरवता येत नाही. जंत्रीवरून तारीख काढल्यावाचून ती नोंद मुकी आहे. कोठीच्या खरेदीच्या नोंदी तर या कामी बहुधा निरुपयोगीच, कारण लसूण टिकाऊ असल्यामुळे खरेदीच्या दिवसावरून लावणीचा दिवस काढता येत नाही. नावाच्या साम्यानेही फसगत होते. जवाहिराच्या यादीत 'लसण्या' येतो तो वैडूर्य नावाचा खडा, आणि 'लसूणघास' हे जनावरांचे वैरण. या दोहोंचा आपल्या पिकाशी नावापलीकडे संबंध नाही.

याहून विश्वासार्ह साक्ष कधीकधी सणावारांकडून मिळते. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीच्या, म्हणजे चंपाषष्ठीच्या, दिवशी खंडोबाला वांग्याचे भरीत आणि रोडगा यांचा नैवेद्य होतो, आणि अनेक घरांत त्यासोबत पातीचा कांदा व लसूणही ठेवतात. ज्यांचे कुलदैवत जेजुरीचे, त्यांच्याकडे चातुर्मासात सोडलेली वांगी व कांदा-लसूण पुन्हा सुरू करण्याचा दिवस बहुधा हाच असतो. कार्तिकी एकादशी नव्हे. चंपाषष्ठी नोव्हेंबरच्या अखेरीपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत येते. चित्रा-स्वातीत लावलेल्या लसणाची पात त्या वेळी वीतभर झालेली असते. नैवेद्याच्या ताटात हिरवी पात असणे हे सांगते की तोवर मळ्यात रोपे उभी आहेत, म्हणजे लावणी व्रत सुटण्याच्या पुष्कळ आधी झाली आहे. चातुर्मासाच्या उपपत्तीला याहून सरळ उत्तर नाही. मात्र येथे एक भेद केला पाहिजे. पातीसाठी लावलेला लसूण आणि गड्ड्यासाठी लावलेला लसूण यांचे नियम एक नाहीत. पात हवी असेल तर परसातल्या कोपऱ्यात, आळ्यात किंवा कुंडीतही, पाऊस ओसरल्यापासून थंडी संपेपर्यंत केव्हाही पाकळ्या खोचाव्यात. महिन्या-दीडमहिन्यात चटणीपुरती पात मिळते. वेळेचे बंधन आहे ते गड्ड्याला. लोकांना विचारून मिळवलेल्या माहितीत जी परस्परविरुद्ध उत्तरे येतात, त्यांतील बरीचशी या एका भेदाने सुटतात : आजी सांगते ती परसातली पात, माळी सांगतो तो मळ्यातला गड्डा.

पुणे शहराचा या पिकाशी संबंध कसा होता? आज पेठांच्या नावांत आणि वाड्यांच्या गर्दीत हरवलेली हिराबाग, तुळशीबाग, बेलबाग, रमणबाग ही नावे एका काळी खरोखरीच्या बागांची होती. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास कात्रजहून बंद नळाने पाणी आणले ते शहराच्या हौदांसाठी. भाजीचे मळे मात्र नदीकाठच्या व ओढ्याकाठच्या विहिरींवर पोसले गेले. मुळा-मुठेकाठची पोयट्याची, निचऱ्याची जमीन लसणाला मानवते. भारी काळ्या जमिनीत गड्डे वेडेवाकडे होतात. हा माल शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात भरणाऱ्या उघड्या मंडईत येई. १८८६ मध्ये रे मार्केटची इमारत उभी राहिली आणि मंडई तिच्यात गेली. त्या इमारतीवरील खर्चाला नगरपालिकेत विरोध करणारे जोतीराव फुले स्वतः माळी समाजातले, भाजीपाल्याचा व्यवहार जाणणारे होते. पुढे त्या मंडईला त्यांचेच नाव मिळाले.

जोतीरावांचा येथे उल्लेख केवळ या योगायोगासाठी केलेला नाही. १८७९ पर्यंत पूर्ण झालेल्या खडकवासल्याच्या धरणाने आणि मुठेच्या कालव्यांनी हडपसर-मांजरीच्या पट्ट्यात बारमाही पाणी आणले; जोतीरावांची शेती मांजरीस होती, आणि १८८३ साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये पाण्याचा प्रश्न त्यांनी पोटतिडकीने मांडला आहे. कालव्यामुळे लसणाच्या काळातील एक जखडण, विहीर आटण्याची, सैल झाली असे वाटेल. प्रत्यक्षात कालव्याचे पाणी ऊस आणि अशाच जड पिकांकडे वळले. कालव्याची पाळी ठरलेल्या अंतराने येते आणि आली की भरपूर येते. लसणाला हवे असते थोडे आणि वरचेवर. तेव्हा कालव्याच्या काठीसुद्धा लसणाचा वाफा विहिरीचाच आश्रित राहिला, आणि त्याची लावणी नव्या पाण्याने पुढे ढकलली गेली नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावाची पाहणी १९१७ मध्ये प्रसिद्ध केली. शहरालगतच्या लहान धारणांचे, कर्जाचे व विहिरींचे जे चित्र त्यांनी काढले आहे, ते वाचताना भाजीच्या अर्ध्या गुंठ्याचाही हिशेब चुकवून चालत नसे, हे पटते.

इंग्रजी महिन्यांत बागकामाचे वेळापत्रक देण्याची पद्धत याच संस्थांच्या द्वारे रूढ झाली. गणेशखिंडीच्या वनस्पती-उद्यानाचे अधीक्षक मार्शल वुड्रो यांचे हिंदुस्थानातील बागकामावरील पुस्तक हे तिचे पुण्यातील ठळक उदाहरण होय. 'ऑक्टोबर-नोव्हेंबर' हा निर्देश सोयीचा खरा, पण त्याने एक गोष्ट झाकली. नक्षत्राच्या भाषेत पाऊस अध्याहृत असतो. स्वाती कोरडी गेली की भिजली, याची विचारणा त्या शब्दातच असते. महिन्याच्या नावात ती नाही. विलायतेच्या बागांत तर सर्वांत लहान दिवशी लसूण लावून सर्वांत मोठ्या दिवशी काढावा असा संकेत आहे. तो पुण्यास पाळला तर २१ डिसेंबरला लावणी होईल, आणि २१ जूनला काढावयास गेल्यास मृगाच्या चिखलाखेरीज काही हाती लागणार नाही. लांब दिवसाच्या प्रदेशातील जाती इथे का चालत नाहीत याचेही कारण हेच. डोंगराळ उत्तरेसाठी निवडलेली 'ॲग्रीफाउंड पार्वती' पुण्याच्या मैदानात गड्डा धरण्याइतका मोठा गार दिवस पाहतच नाही. येथल्या हवेला जुळणाऱ्या जाती येथेच निवडाव्या लागल्या : राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या 'गोदावरी' व 'श्वेता', आणि राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाच्या 'भीमा ओंकार' व 'भीमा पर्पल'. ही संस्था १९९४ मध्ये राष्ट्रीय संशोधन केंद्र म्हणून नाशिकला सुरू झाली, १९९८ मध्ये पुणे जिल्ह्यात आली.

या संस्थेच्या शिफारशींत सपाट वाफ्याऐवजी रुंद गादीवाफा आणि ठिबक सिंचन यांवर भर आहे, आणि कालनिर्णयाच्या दृष्टीने हा बदल लहान नाही. २०१९ साली परतीचा पाऊस ऑक्टोबर उलटेपर्यंत रेंगाळला. चित्रा आणि स्वाती दोन्ही भिजल्या. सपाट वाफ्यात अशा वर्षी पाकळी लावणे म्हणजे ती कुजत घालणे होय, आणि जमीन वाफशावर येईपर्यंत थांबावे तर विशाखा उजाडते. गादीवाफ्यावरचे पाणी दोन्ही अंगांच्या चरांतून निघून जाते, त्यामुळे दोन सरींच्या मधल्या उघडिपीतही लावणी करता येते. पुढे फाल्गुनात विहीर उतरली तरी ठिबकाच्या थेंबावर पीक आठ-दहा दिवस अधिक तग धरते. मोटेच्या काळातील माळ्याला चित्रा ते विशाखा यांच्या दरम्यान जेवढे दिवस मिळत, त्यांच्या दोन्ही कडांना काही दिवसांची भर या साधनांनी घातली आहे. मार्चच्या उन्हाची कड मात्र जेथे होती तेथेच आहे.